पूल आला, डोकं खाली

मेलेल्या माणसाला रस्ता एकदाच सांगायचा असतो, की पहिल्यांदा चुकला तर पुन्हा सांगता येतो?

हे मी विहारातल्या थोरल्या भंतेंना विचारलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी उठून जाईपर्यंत उघडले नाहीत. दहनाची भट्टी सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, तर त्यांनी मला एक सिगारेट दिली आणि स्वतःची पेटवली. मावशीला विचारणं शक्यच नव्हतं. तिला विचारलं असतं, तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

ता-पिनच्या कालव्यावर मी नाव वल्हवतो. शनिवार-रविवारी पाण्यावर बाजार भरतो, तेव्हा जगभरातून पाहुणे येतात. त्यांना मी काठावरची जुनी लाकडी दुकानं दाखवतो, वडाच्या मुळांनी गिळून टाकलेला छोटा विहार दाखवतो, नारळाचा गूळ आटवतात तिथे थांबवतो. शाळा मी लवकर सोडली. परदेशी भाषांमधलं मला काही येत नाही, पण एक वाक्य मात्र पाच-सहा भाषांत पाठ आहे. भरतीच्या वेळी पाणी चढतं, पूल खाली आल्यासारखे होतात आणि नावेत ताठ बसलेल्याचं कपाळ तुळईवर आपटतं. म्हणून प्रत्येक पुलाच्या आधी मी ओरडतो, "पूल आला, डोकं खाली." झोपेतही ओरडतो, असं ताई सांगायची.

लामदुआन माझी ताई. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मधल्या पुलाखाली सावलीत ती आपली छोटी नाव बांधायची आणि नूडल्स विकायची. काळपट, दाट रस्सा, वरून लसणाचं तेल. गिऱ्हाइकं घाटाच्या पायऱ्यांवर बसायची, ती खालून वाडगे वर द्यायची. वाडग्यांवर कोंबड्याचं चित्र होतं. तसे वाडगे सगळ्यांकडेच असतात, म्हणून तिने आपल्या वाडग्यांच्या तळाला नखांना लावायच्या लाल रंगाचा एकेक ठिपका दिला होता. मी पाहुण्यांना घेऊन जवळून गेलो की ती ओरडायची, "ए खियत, पाणी उडवू नकोस. माझा रस्सा पातळ होतो."

खियत म्हणजे बेडकाचं पिल्लू. लहानपणी मी सारखा तापाने फणफणायचो. असलं घाणेरडं नाव ऐकून तरी भुताखेतांना हे पोर नकोसं वाटावं, म्हणून ठेवलेलं. बाकीच्यांनी ते केव्हाच सोडलं. ताईने सोडलं नाही.

एका शनिवारी बाजार उठल्यावर ती घरी निघाली होती. कालवा जिथे नदीला मिळतो तिथे एका मोटारनावेची लाट आली. ताईची नाव भरलेली होती. उलटली. चूल, पातेलं, वाडगे, सगळं तळाला गेलं. ताई लांब खाली, काठच्या चिखलात वाढणाऱ्या निपाच्या ताडांमध्ये सापडली.

देह गाडीतून विहारात नेता येतो. जीव मात्र जिथे गेला तिथूनच आणावा लागतो, आणि त्याला वाट दिसत नाही. कोणीतरी रक्ताच्या माणसाने उदबत्ती धरून पुढे बसायचं आणि सांगत राहायचं. आता उजवीकडे वळतोय. आता पूल आला. जिथे सांगायचं राहील तिथे तो जीव थांबतो.

मावशी मानलेली; रक्ताचा मी एकटाच. नदीच्या तोंडाशी मी ताईला हाक मारली, ये म्हटलं. मावशी मागे वल्हवत होती. माझ्या मांडीवर ताईचा फोटो होता, त्याला विहारातून आणलेला पांढरा दोरा गुंडाळलेला. पहिलं वळण सांगितलं. पहिला पूल सांगितला. मधला पूल जवळ आला तेव्हा वर पाहुण्यांची ही गर्दी. त्यांना आमची नाव, पांढरा दोरा, फोटो, सगळंच बघण्यासारखं वाटत होतं. कोणीतरी वाकून फोटो काढायला लागलं आणि त्याच्या हातातली सरबताची पिशवी सुटून ताईच्या फोटोवर पडली.

मी उठलो. तोंडाला येईल ते बोललो. त्यांना काही कळलं नसेल, पण ते मागे सरकले. मी बोलतच राहिलो, नाव हलत होती, आणि माझं ओरडून झालं तेव्हा पूल मागे गेला होता.

मावशीने मागून विचारलं, "पूल सांगितलास ना?"

मी म्हणालो, "हो."

मी नाव मागे घ्यायला लावून सांगू शकलो असतो. तेवढं एक वाक्य. दिवसभर अनोळखी माणसांसाठी ओरडतो ते.

विहारात भंतेंनी सूत्रं म्हटली, दहन झालं, सातव्या दिवशी पुण्यदानही झालं. सगळे म्हणत होते, आता ती शांत झाली. मी मान हलवत होतो.

त्यानंतरच्या रविवारी भर दुपारी एक पिकल्या केसांची परदेशी बाई माझ्या नावेजवळ आली. तिच्या हातात कोंबड्याचा वाडगा होता. पाहुणे कधीकधी खाता खाता वाडगा घेऊन पुढे चालत जातात आणि मग परत द्यायला जागा शोधत फिरतात. तिने पुलाकडे बोट दाखवलं, हात जोडले आणि वाडगा माझ्या हातात ठेवून गेली. मी तो उलटा केला. तळाला लाल ठिपका होता.

वाडगा गरम होता.

मी पुलाखाली जाऊन पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पाणी हलत होतं, आणि लसणाच्या तेलाचा वास येत होता.

पुढच्या शनिवारी एक तरुण जोडपं आलं. नवऱ्याच्या हातात वाडगा. त्याला आमची भाषा अजिबात येत नव्हती, पण पुलाखाली बसलेल्या बाईने जे सांगितलं ते त्याने गाण्याची ओळ पाठ करावी तसं पाठ केलं होतं. सूर चुकत होते. हसत हसत, एकेक अक्षर जुळवत त्याने ते मला म्हणून दाखवलं.

"खियत... आता कुठे वळायचं?"

बायकोने टाळ्या वाजवल्या. मी हसलो असेन बहुतेक. त्या दिवशी मी आणखी कोणाला नावेत घेतलं नाही.

तिसरा वाडगा आणला तो बँकॉकच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने. घाम पुसत तो म्हणाला, "तुमच्या पुलाखाली फार गर्दी, पोरा. बसायला जागा नाही. रस्सा झकास आहे, पण जो तो मलाच वाट विचारतोय. मी बँकॉकचा माणूस, मला काय ठाऊक इथलं?"

मी विचारलं, "जो तो... म्हणजे?"

"अरे, सगळेच. ती छोटी पोरंसुद्धा."

तो वाडगा ताईचा नव्हता. तळाला ठिपका नव्हता. कोंबडा जवळजवळ पुसला गेला होता आणि आतल्या बाजूला नदीतले बारीक शिंपले घट्ट चिकटले होते.

तेव्हा मी मावशीकडे गेलो. काठावर तिचं खोबऱ्याच्या गोड अप्प्यांचं दुकान आहे. ती खोबरं खवत होती. तिन्ही वाडगे तिच्यासमोर ठेवले आणि सांगून टाकलं, की मधला पूल मी सांगितलाच नव्हता.

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "माहीत आहे मला. मी तुझ्या मागेच बसले होते. कान फुटले नव्हते माझे."

"मग विचारलंस कशाला?"

"वाटलं, खोटं नाही बोलणार तू."

हातातली करवंटी तिने खवून संपवली. मग खवणी बाजूला ठेवली. जीव नावेत असताना नाव मागे वळवू नये असं तिच्या आईने सांगितलं होतं, म्हणून ती गप्प बसली. गप्प बसले याची रोज लाज वाटते, एवढंच ती म्हणाली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला अप्पे खायला दिले, आणि मी ते खाल्ले.

मंगळवारी मी एकटाच निघालो. मंगळवारी बाजार नसतो, दुकानांच्या फळ्या लावलेल्या असतात, कालव्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुपार टळली होती, भरती होती. मधल्या पुलाखाली नाव उभी केली. उदबत्ती पेटवली. फोटो नव्हता, म्हणून तिचा एक वाडगा पुढ्यात ठेवला.

म्हणालो, "ताई, चुकलं माझं. चल."

काही झालं नाही. नंतर मागची बाजू थोडी खाली गेली, कोणी पाय जपून ठेवला की जाते तशी. लसणाच्या तेलाचा वास आला. मागे बघायचं नसतं. मी बघितलं नाही.

मग नाव आणखी खाली गेली. मग आणखी. माणसं चढताना नाव जशी डुलते तशी ती डुलत राहिली, आणि थांबेचना. पाणी काठाला दोन बोटं राहिलं. एवढ्या ओझ्याने नाव मी कधी वल्हवली नव्हती. वल्हं जागचं हलेना. मला पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ताई त्यांच्यात होती.

मी वल्हं मारलं आणि म्हणालो, "पूल... पूल आला. डोकं खाली."

मागे कोणीतरी वाकलं. ओल्या कपड्यांचा आवाज झाला. मग आणखी कोणी वाकलं. मग तो आवाज नावेच्या टोकापर्यंत सरकत गेला.

पुलाखालून बाहेर आलो. मी सांगत गेलो. आता डावीकडे वळतोय. हे गुळाचं दुकान. इथे मुळं पाण्यात आली आहेत, हात आत घ्या. वडाने गिळलेला विहार आला तेव्हा सवयीने तोही दाखवला. मागून कोणी बोललं नाही. फक्त एकदा, तिसऱ्या पुलाच्या आधी मला जरा उशीर झाला, तेव्हा मानेमागे अगदी जवळ कोणीतरी हळूच श्वास घेतला. आवाज ताईचा नव्हता.

"पूल आला," मी घाईघाईने म्हणालो. "डोकं खाली... सगळ्यांनी."

विहाराचा घाट आला. पायऱ्या उन्हाने कोरड्या ठणठणीत होत्या. मी नाव लावली, दोरी धरली आणि समोर बघत म्हणालो, "ताई, पोहोचलो. उतर."

नाव किंचित वर आली. पहिल्या पायरीवर ओल्या पावलाचा ठसा उमटला. दुसऱ्या पायरीवर दुसरा. उजवं पाऊल जरा तिरकं, ताईचं पडायचं तसं. ते वरपर्यंत गेले आणि दाराच्या सावलीत दिसेनासे झाले.

पुढ्यातल्या वाडग्याला हात लावला. तो गार झाला होता.

मी दोरी सोडणार होतो, पण नाव वर आली नव्हती. पाणी अजून काठाला टेकलेलं होतं. मागे सगळे थांबले होते. कोणी हलत नव्हतं. या पाण्यात बुडालेल्या त्या जिवांना वाट सांगायला कोणी कधी आलंच नव्हतं, आणि आता ते माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, हे मला मागे न बघता कळत होतं.

मी दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली, नाव पायरीला अगदी लावून धरली, आणि म्हणालो, "तुम्हीपण उतरा. पायरी निसरडी आहे... पोरांना आधी जाऊ द्या."