त्रेसष्ट नंबरची खुर्ची

"माझी खुर्ची चोरीला गेलीय," ती दारातूनच म्हणाली, "आणि तिथल्या तिथे आहे."

भाऊनं वहीत पहिलं वाक्य लिहिलं, दुसरं ऐकलं आणि पहिलं खोडलं.

भाऊ निवृत्त पोस्टमास्तर. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न वाचता पुढे धाडल्यामुळे त्याच्यात कुतूहल साठून राहिलं होतं, आणि वजनही. त्याची थोरली बहीण अक्का विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची. निवृत्त झाल्यावर तिनं खासगी चौकशीची पाटी लावली. पाटीवर भाऊचं नाव खाली आणि बारीक अक्षरात होतं, पण होतं.

"आधी बस, पोरी," अक्का म्हणाली. पोरीला सातवा महिना होता.

"नवीन घर लावतेय मी. माझा नियम आहे, एक वस्तू अँटिक, एक व्हिंटेज, बाकी सगळं आजचं."

"फरक काय त्यात?" भाऊनं विचारलं.

"शंभर वर्षांपलीकडचं ते अँटिक. आजीच्या, आईच्या काळातलं ते व्हिंटेज."

"आणि प्लास्टिक अजून निघालेलं नाही ते आजचं," अक्कानं पुरं केलं.

भाऊनं मनातल्या मनात स्वतःचं वय लावून पाहिलं. व्हिंटेजमध्ये निघालं. त्याला बरं वाटलं.

अँटिक म्हणून तिनं सहा महिने फिरून एक शिसवी खुर्ची शोधली होती. तीन आठवड्यांपूर्वी ती घरी आली. दुकानदाराच्या चिठ्ठीवर बैठकीची उंची अठरा इंच, आणि मागच्या डाव्या पायाच्या तळाशी ठोकलेला नंबर त्रेसष्ट.

"काल खुर्चीला शोभेल असं व्हिंटेज टेबल बघायला जायचं म्हणून माप घेतलं. साडेसोळा! आडवी करून बघितली, तर नंबरही नाही. खरी नेऊन कुणीतरी नक्कल ठेवलीय."

"घरात कोण कोण असतं?"

"नवरा महिनाभर परगावी आहे. मी आणि सासूबाई." तिचा आवाज खाली आला. "काल संध्याकाळी त्यांनी ट्रंक भरायला घेतली. रविवारी जुन्या खोलीवर परत जाते म्हणाल्या. मला आई नाही, अक्का. बाळंतपणाला त्या असतील म्हणून मी निर्धास्त होते. आणि आता मनात नको नको ते येतं, त्यांनीच खुर्ची विकली असेल का? खुर्ची नाही मिळाली तरी चालेल. पण माझ्या मनातलं हे तेवढं काढून टाका."

---

दिवाणखाना देखणा होता. एका बाजूला शिसवी खुर्ची, समोर फिक्या लाकडाच्या पायांचा बुटका सोफा, आणि खिडकीखाली रिकामी जागा. "ती व्हिंटेजसाठी राखून ठेवलीय," सूनबाई म्हणाली.

भाऊ सोफ्यावर बसला. अक्का खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि पायाच्या टोकावरून तिनं रुमाल फिरवला. रुमालावर पुसट निळी रेघ उमटली.

"पाय कसे आहेत तुझे?" तिनं खालूनच विचारलं.

"खुर्चीचे?"

"तुझे."

"सुजायचे फार. गेला आठवडाभर सूज आपोआप उतरलीय. डॉक्टर म्हणाले, छान."

भाऊचं पेन पडलं. ते काढायला वाकला तेव्हा त्याला सोफ्याचे पाय दिसले. फिक्या पायांना खाली काळे बूट घातल्यासारखे काळे तुकडे होते. आजकाल कशाची फॅशन निघेल सांगता येत नाही, असं म्हणून त्यानं पेन खिशात लावलं. तेवढ्यात सासूबाईंनी आतून चहाची हाक दिली, आणि भाऊ ताडकन उठला.

सासूबाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. चहा झाल्यावर गॅलरीत, चादरीखाली झाकलेल्या शिलाई मशीनशेजारी बसून त्या कातरणांची दुपटी जोडत होत्या. पायाशी कापडाच्या तुकड्यांनी फुगलेली पिशवी होती.

"एवढं साठवलंय?" अक्कानं विचारलं.

"चाळीस वर्षं कपडे शिवले. कापलेला तुकडा टाकायचा नाही. कुठं ना कुठं लागतो."

"मशीन इथं का?"

"मग कुठं? आत सगळं निवडून आणलेलं सामान आहे." त्यात तक्रार नव्हती. टाका मात्र चुकला.

"खुर्ची दुकानदारानं बदलली असेल?"

"छे! त्या माणसाचा काही दोष नाही," त्या ताबडतोब म्हणाल्या, आणि मग फारच वेळ दोरा ओवत राहिल्या.

मधल्या खोलीत सुतार आठ दिवसांपासून पुस्तकांच्या फळ्या बसवत होता. कानावर शिसपेन्सिल.

"खुर्ची कुणी नेताना दिसलं?"

"नाही बुवा."

"तू हात लावलास तिला?"

"बाई, मी कुणाच्या घरातलं इकडचं तिकडे सांगत नाही. दाखवलेल्या रेघेवर करवत चालवतो. रेघ कुणाची ते विचारत नाही." आणि त्यानं हातोडीचा आवाज वाढवला.

---

जुन्या सामानाचा दुकानदार दुखावला गेला होता. "मी नक्कल विकत नाही. विकतो तेव्हा तसं सांगून विकतो."

"नंबर तळाशी का ठोकता?"

"दिसेल तिथं ठोकला की खुर्ची सरकारी कचेरीतली वाटते."

"घासून काढता येईल?"

"अर्धं पेर खोल असतो. घासणाऱ्याचा हात झिजेल. काल फोनवर त्या बाईंनी माझा उद्धार केला. मी सांगितलं, त्या खुर्चीला कुणी करवत, रंधा काहीही लावला असेल तर तिचं मोल संपलं!"

तिथून अक्कानं भाऊला सोफ्याच्या शोरूममध्ये नेलं. तोच सोफा तिथे मांडलेला होता, पाय खालपर्यंत फिके.

"बस," अक्का म्हणाली.

भाऊ बसला. सोफ्यानं त्याला कमरेपर्यंत गिळलं. उठायला अक्का, विक्रेता आणि एक अनोळखी गिऱ्हाईक लागलं.

"कळलं?" अक्कानं विचारलं.

"कळलं," भाऊ धापा टाकत म्हणाला. "उद्यापासून भात कमी."

---

शनिवारी संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात जमले. सासूबाईंची ट्रंक दाराशी उभी होती.

"खुर्ची कुणी नेली नाही, कुणी विकली नाही," अक्का म्हणाली. "ही तीच खुर्ची आहे. दीड इंच कमी, एवढंच."

"पण नंबर?"

"घासून जात नाही, असं दुकानदारच सांगतो. मग नंबर जाईल कसा? तो ज्या लाकडावर होता, ते लाकूडच गेलं तर. खुर्चीचे चारही पाय खालून कापलेत."

"सुतारानं?"

"करवत त्याची. पण सुतार खूण करतो शिसपेन्सिलीनं. खुर्चीच्या पायांवर निळ्या खडूची रेघ आहे, कपड्यावर मारतात त्या खडूची."

सासूबाई फरशीकडे बघत होत्या.

"आणि कपडे शिवणारं माणूस कापलेला तुकडा टाकत नाही. भाऊ, सोफा उचल."

भाऊनं सोफ्याची एक बाजू उचलली. फिक्या पायांच्या टोकांना दीड-दीड इंचाचे काळे शिसवी तुकडे स्क्रूनं बसवले होते. एकाच्या तळावर स्वच्छ आकडा होता, त्रेसष्ट.

"शोरूममध्ये याला तिघांनी ओढून काढलं. इथं हा चहाच्या हाकेला एकटा उठला. भाऊत फरक पडणं शक्य नाही. म्हणजे सोफ्यात पडला."

सूनबाई सासूकडे वळली. "का, पण?"

"तुझे पाय लोंबकळायचे गं त्या खुर्चीवर," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत भोपळे व्हायचे. या सोफ्यातून उठताना भिंत धरायचीस. खुर्ची जास्त, सोफा तोकडा. एकाचं काढलं, दुसऱ्याला लावलं. तू डॉक्टरांकडे गेली होतीस तेव्हा."

"मला सांगायचं तरी!"

"तू नको म्हणाली असतीस. नंतर सांगणार होते. तेवढ्यात तुझा दुकानदाराशी फोन झाला, करवत लागली की मोल संपलं असं तो म्हणाला ते स्पीकरवर मलाही ऐकू आलं. सहा महिने वणवण केलीस त्या खुर्चीसाठी. मग कोणत्या तोंडानं राहू?"

सूनबाई जाऊन त्या खुर्चीवर बसली. तिची दोन्ही पावलं फरशीवर पूर्ण टेकली. ती पावलांकडे बघत राहिली, आठ दिवसांत प्रथमच.

"आणि मी म्हणत होते, सूज आपोआप उतरली," ती म्हणाली. नाक पुसलं. मग खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "आई, टेप आणा."

"आता काय मोजायचंय?"

"ती व्हिंटेजची जागा. तुमचं मशीन तिथं बसतं का बघू."

भाऊ अजून सोफा उचलून उभा होता. खाली ठेव असं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

सासूबाई टेप आणायला उठल्या नाहीत.

"बसतं," त्या म्हणाल्या. "आले त्याच दिवशी मापून ठेवलंय."