खिडकीखालची कोंबडी

एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं, अशा थाटात तो अंगणवाडीच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा शुभांगी लेकरांना रंग शिकवत होती.

"टीचर, ही पोट्टी तुमची का?"

"हो..."

"अन् हे अंडं?"

"तेपण आमचंच."

"मंग सांभाळा दोघाईले. शाळेमागं कोंबडीले दाबून धरून तिच्या बुडाखाली अंडं सारून राह्यली होती. म्हनलं, काऊन व? तर म्हनते, तिचं हाय, तिले वापस द्याचं हाय."

चार वर्षांची चंचल त्याच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. "टीचर, त्यातून पिल्लू येते!"

"उकडलेल्यातून?"

"उकडलेलं पिल्लू," तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

शुभांगी खळखळून हसली. डिसेंबरचं कोवळं ऊन त्याच्या कानाच्या पाळीवर पडलं होतं, बाहीला खडूची पांढरी बोटं लागली होती. नार्नूरहून बदली होऊन याच आवारातल्या मराठी शाळेत आलेले नवे सर ते हेच असणार. तिनं पाहिलं, त्यानं पाहिलं... अन् दोघांनीही मग अंड्याकडे पाहिलं.

तेवढ्यात तो तिच्या डोक्यावरून आत स्वयंपाकाच्या खोलीकडे ओरडला, "माय, च्या हाय का व?"

"आला का रे हर्षू!" आतून स्वयंपाक करणाऱ्या आया चंद्रभागेचा, त्याच्या आईचा, आवाज आला.

शुभांगीचं हसू तिथंच गळ्यात अडकलं.

का अडकलं, ते आडपडदा न ठेवता सांगितलेलं बरं. अंगणवाडीचा नियम होता, की जेवण लेकरांच्या पानात पडण्याआधी टीचरनं चव घ्यायची, वहीत लिहायचं, खाली सही करायची. शुभांगी रोज लिहायची, 'चव चांगली.' रोज सही करायची. अन् दोन वर्षांत तिनं चंद्रभागेच्या हातचा एक घास गिळला नव्हता.

ती नेरडीगोंड्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी, चंद्रभागा गावच्या बौद्धवाड्यातली. नोकरीच्या पहिल्या दिवशी आईनं डबा हातात देताना सांगितलं होतं, "लेकरं शिकव, गाणी म्हन, सगळं कर. तिथं जेवू नको तेवढं." आईच्या घरात बाहेरच्यांसाठी एक कप वेगळा होता. दांडी तुटलेला, न्हाणीजवळच्या कोनाड्यात पालथा. 'बाहेरचे' कोण, हे शुभांगीला कोणी शिकवलं नव्हतं. असल्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत, त्या अंगात मुरतात.

मग ती काय करायची? साडेअकराला चमचाभर वरण घ्यायची, ओठांजवळ न्यायची, "वा, आया, मस्त!" म्हणायची अन् पाठ फिरवून मागच्या खिडकीतून ओतून द्यायची. खिडकीखाली एक तांबडी कोंबडी होती. तिला वेळ पाठ झाली होती. सव्वाअकरालाच येऊन मान वर करून उभी राहायची. जेवायच्या वेळी शुभांगी आपला डबा कोपऱ्यात उघडायची. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवारी पित्त, बुधवारी दाढ, शुक्रवारी डोकं.

"आमच्या टीचर बाईले सात वारांत आठ उपास," चंद्रभागा लेकरांच्या ताटात भात वाढता वाढता म्हणायची. सगळे हसायचे. शुभांगीही हसायची.

तर असा तो हर्षदीप. रोज मधल्या सुट्टीत खडू मागायला येऊ लागला.

"सर, तुमच्या शाळेत खडू मिळत नाई का?"

"मिळतात. पन तुमचे जास्त पांढरे हायेत."

"काल पिवळा मागितला होता तुमी."

"पिवळापन तुमचाच जास्त पांढरा हाय."

लेकरं मणी ओवत असायची, मातीचे लाडू वळत असायची. तो चटईवर मांडी घालून बसायचा अन् मुद्दाम लाल मण्याला निळा म्हणायचा. "नाई! लाल!" सगळी वर्गभर किंचाळायची. शुभांगी डोळे मोठे करून त्याला दटावायची, "सर, माझी लेकरं बिघडवू नका." तो कान पकडायचा, डावा हात उजव्या कानाला. घरी जाताना ऑटोत बसली, की तो कान आठवून तिला एकटीलाच हसू यायचं.

जानेवारीतल्या एका दुपारी, लेकरं चटईवर ओळीनं झोपलेली असताना, तो दाराच्या चौकटीला टेकून हळूच म्हणाला, "तुमाले पाहाच्या आदुगर तुमचं अक्षर पाह्यलं मी."

"अक्षर?"

"दिवाळीत घरी आलो होतो. मायले वाचता येत नाई, तिनं मले ती चवीची वही वाचाले लावली. पानंच्या पानं... चव चांगली, चव चांगली. म्हनलं, माय, ही टीचर तर तुह्या हातावर फिदा हाय! माय नुसती हासली."

शुभांगी ओवलेली माळ उगाच सोडू लागली.

"तुमाले माहीत नसन," तो पुढं म्हणाला. "पाच वर्षाआदुगर मायले हे काम लागलं, तवा अर्धी लेकरं घरून डबे आनत. उरलेला भात माय रडत रडत गुरायले टाके. आता पाहा, एका पंगतीत बसतात सारे. टीचर खाते, मंग आपल्या लेकराले काय होते, असं म्हनतात आता लोक." तो थांबला. खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिला. "रविवारी... घरी जेवाले याल? मायसमोर एक गोष्ट बोलाची हाय मले. म्हंजे... तुमी आदी जेवा. मंग बोलतो."

गोष्ट कोणती, हे काय सांगायला हवं होतं? तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "येईन," ती म्हणाली. अन् तो गेल्यावर गोधडीत तोंड खुपसून झोपलेल्या चंचलशेजारी बसून राहिली, चोरासारखी.

शुक्रवारी तिनं ठरवलंच, आज घास गिळायचा. पालकाचं वरण होतं, लसणाची फोडणी. चमचा ओठांना लागला. तोंडाला पाणी सुटलं होतं हो, खोटं कशाला बोला! पण... आईचा आवाज, तो पालथा कप... अन् हात आपसूक खिडकीकडे वळला. खाली कोंबडी तयारच. शुभांगीनं त्या दिवशी 'चव चांगली' लिहिलं, तेव्हा पेन कागदातून आरपार गेला. भिंतीवर तिनंच चिकटवलेलं चित्र होतं. वेगवेगळ्या रंगांचे लेकरांचे हात, खाली लिहिलेलं, 'आपण सगळे एक.' रोज सकाळी ती ते म्हणून घ्यायची. दोन वर्षं! थू, असं तिला स्वतःलाच वाटलं. वाटून काय होतं? सही तर केलीच.

शनिवारी पालकसभा होती. पंधरावीस बाया चटईवर बसल्या. हर्षदीप आपल्या वर्गाला सुट्टी देऊन दारात उभा. चंद्रभागा एका बाजूला परातीत अंडी सोलत होती. लेकरांनी गाणं म्हटलं, रंग ओळखले, शेवटी बाहुलीच्या कोपऱ्यात खेळ मांडला. अंगणवाडी-अंगणवाडी!

"मी टीचर!" चंचल शुभांगीचीच ओढणी ओढून घेऊन पुढं आली. प्रगती नावाची दुसरी पोर आया झाली. तिनं इवल्याशा पातेल्यात वाळू ढवळली.

"आया, पप्पू झाला का?" चंचलनं कमरेवर हात ठेवून विचारलं. गाव तेलुगू मुलखातलं, वरणाला लेकरं अंगणवाडीतला तेलुगू शब्दच वापरायची. बाया खुदकन हसल्या.

"झाला, टीचर."

चंचलनं प्लास्टिकचा चमचा घेतला. ओठांजवळ नेला. मान डोलावली. "वा, आया, मस्त!" हुबेहूब शुभांगीचा सूर! हर्षदीप सगळ्यांत मोठ्यानं हसला.

मग चंचलनं आयाकडे पाठ केली. चवड्यांवर मागच्या खिडकीशी गेली, एकदा मागं वळून पाहिलं, चमचा बाहेर रिकामा केला. "ये ये ये... टी टी टी..." खाली कोंबडीला हाक मारली. परत आली. वहीवर रेघोट्या ओढल्या. "चव चांगली," असं मोठ्यानं म्हणाली अन् ऐटीत कोपऱ्यात जाऊन खोटाखोटा डबा उघडून बसली.

दोनचार बाया अजून हसत होत्या. मग त्यांना समजलं. हसू एकेका तोंडावरून विझत गेलं. दारात हर्षदीपचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यानं शुभांगीकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं. चंद्रभागा अंडी सोलत होती. एक झालं की दुसरं. तिला त्यात काहीच नवीन नव्हतं.

चंचलला ती शांतता आवडली नाही. तिनं टाळ्यांची वाट पाहिली, मग सरळ शुभांगीपुढं येऊन उभी राहिली.

"टीचर, बरोबर केलं ना मी?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. चार वर्षांच्या पोरीला काय, काहीही सुचतं, असं म्हणून सगळं झाकता आलं असतं. ती गुडघ्यांवर बसली.

"हो," ती म्हणाली. "बरोबर केलंस. टीचर असंच करते. दोन वर्षं झाली, टीचर रोज असंच करते."

हर्षदीप वळला अन् निघून गेला. खडूचा एक तुकडा उंबऱ्यावर राहिला.

"चला, पानं मांडा," चंद्रभागा उठत म्हणाली. "तमाशा पाहून लेकरायचं पोट भरत नाई."

सगळे गेल्यावर शुभांगी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात आली. "आया... मला वाढता का?"

"भूक लागली असन तं बस. नाटक कराचं असन तं आज एक झालं, पुरे."

ती बसली. पहिला घास घशाशी अडला, डोळ्यांत पाणी आलं. तिनं तो खाली लोटला. दुसरा लोटावा लागला नाही.

"तुमाला माहीत होतं," ती ताटात पाहत म्हणाली.

"कोंबडी माही हाय, बाई. घरी दाना शिवत नव्हती अन् फुगून राह्यली होती. मले समजनार नाई का?"

"मग सरांना का नाही सांगितलं?"

चंद्रभागेचे हात पहिल्यांदा थांबले. "काय सांगू पोराले? पाच वर्षं कष्ट करून तुही माय अजून तिथंच हाय, हे सांगू? लाज वाटली मले."

लाज कोणाची अन् वाहिली कोणी! शुभांगीला वर पाहवेना.

"मीठ?" चंद्रभागेनं विचारलं.

"...कमी आहे."

"आता सांगून राह्यली. दोन वर्षं माह्या वरनात मीठ कमी हाय का जास्त, हे मले कोनी धड सांगतलं नाई. लेकरं तं गोडच म्हनतात." तिनं मिठाचा डबा पुढं सरकवला. "घे."

संध्याकाळी शुभांगीनं घरी सांगून टाकलं. "आई, सोमवारपासून डबा नको. मी तिथंच जेवते. चंद्रभागा मावशीच्या हातचं."

आई उठून आत गेली. थोड्या वेळानं चहा आला, दांडी तुटलेल्या कपात.

शुभांगीनं तो कप दोन्ही हातांत धरला. गरम होता, बोटं भाजत होती. तिनं चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. या कपाची चव कशी असते, ते तिला आज कळलं.

रविवार तसाच गेला. हर्षदीपकडून पुन्हा बोलावणं आलं नाही, येणारही नव्हतं. पुढचा आठवडाभर तो खडू मागायला आला नाही. शुभांगी रोज लेकरांच्या पंगतीत बसून जेवायची अन् जे असेल ते लिहायची. चंचल मात्र रोज खिडकीतून डोकावून कोंबडीची समजूत काढायची, "टीचर आता सोता खाते व. तू घरी जाय."

पुढच्या शनिवारी मागच्या खिडकीत एक सावली पडली. दारात नाही, खिडकीत. त्याच्या पायाशी कोंबडी घुटमळत होती.

"मायनं काल वही वाचाले लावली," हर्षदीप म्हणाला. आवाज कोरडा. "'मीठ कमी.' 'भात चिकट.' 'मिरची जास्त, दोन लेकरं रडली.' माह्या मायच्या हाताले नावं ठेवता तुमी?"

"ठेवते."

"हं." तो थांबला. "माह्यासाठी खाऊन राह्यल्या का? तसं असन तं नका खाऊ. मले नाई पाह्यजे."

"पहिल्या दिवशी तुमच्यासाठी खाल्लं," ती खाली पाहत म्हणाली. "दुसऱ्या दिवशी लाजेनं. तिसऱ्या दिवशी... भूक लागली होती."

त्यानं पायाशी आलेल्या कोंबडीला हलकेच बाजूला सारलं.

"अन् आज?"

"आज पालक आहे."

त्याला हसू आलं होतं. त्यानं ते मोठ्या कष्टानं दाबलं. "राग गेला नाई माहा."

"जाऊ देऊ पण नका. एवढ्यात तर नकाच."

"मंग ठेवू कुठं येवढा?"

"तिथंच ठेवा, खिडकीत. मी तिथं पुष्कळ काही टाकलं आहे."

खिशातून खडूचा एक तुकडा काढून त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पिवळा होता. अन् आपल्या शाळेकडे निघून गेला. शुभांगीनं खडू उचलला नाही, नुसतं त्यावर बोट ठेवलं. चोरी केल्यासारखे गाल तापले होते. आपण याला लायक नाही, हेही त्याच क्षणी तिला नीट माहीत होतं.

पंगतीत चंद्रभागा वाढत वाढत तिच्यापाशी आली. पळीभर वरण भातावर घातलं, क्षणभर तिथंच रेंगाळली.

"बाई, रविवारी कोनत्या देवाचा उपास असते व?"

शुभांगीची मान वर होईना. लेकरं चव घेत मिटक्या मारत होती.

"कोणत्याच नाही, मावशी."

"मंग ये उद्या," चंद्रभागा म्हणाली अन् पुढच्या ताटाकडे वळली. "पन मीठ कमी पडलं तं तोंडावर सांगजो. वहीत लिहून नको जाऊ."