नऊ की शून्य

ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, की शिवरंजनीची स्कूटी हमखास अडकायची. येडशीच्या कॉलेजात ती गणित शिकवायची आणि उशीर तिला मुळीच खपत नसे. त्या सकाळी एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर कडेला दाबून तिला वाट करून दिली. वर हसून म्हणाला, "जावा मॅडम, पोरं खूश व्हायच्या आत पोचा."

ती हसली... आणि तिथंच फसली.

मग महिनाभर तीच रांग, तोच ट्रॅक्टरवाला कृष्णराज आणि रोजची दोन-चार वाक्यं. बारावीला गणितात दोनदा नापास झालेला, आता घरचा ऊस पाहणारा. गुरुवारी त्याच्या उसाची शेवटची खेप होती. धीर करून त्यानं तिचा नंबर मागितला, तर त्याच्याच मोबाइलची बॅटरी संपलेली! ट्रॉलीच्या फळीवर साखर कारखान्याच्या टोकनचा नंबर खडूनं लिहितात, त्याच्याखाली तिनं आपला नंबर लिहिला.

"एवढी मोठी संख्या... ध्यानात कशी ऱ्हायची?"

"खूण सांगते. हिला नवानं पूर्ण भाग जातो. सगळ्या आकड्यांची बेरीज केली, की तीही नवाच्या पाढ्यात येते."

"नापासाला हे कशाला सांगताय?"

"असू द्या," ती म्हणाली आणि उगाचच लाजली.

घरी सोलापूरचं स्थळ आलेलं. तिचे वडील, बापू, म्हणाले होते, "मनात कोणी असंल तर रविवारपर्यंत सांग, पोरी. मी रागावणार न्हाय." एवढा भला बाप, आणि सांगायला तिच्याकडं काहीच नाही. शुक्रवार गेला, शनिवारही कलला. नसेल त्याच्या मनात... ती स्वतःची समजूत घालत राहिली, पण ती काही पटेना.

संध्याकाळी अनोळखी नंबर झळकला.

"मॅडम... कृष्णराज. ऊस उतरताना दोर घासला, शेवटचा आकडा पुसला. कॉलेजात यावं, तर पोरांपुढं तुमचं नाव निघंल. दहाही आकडे लावून बघावं, तर परक्या लोकांना तरास. दोन दिवस बाकीच्या आकड्यांची बेरीज करतोय. दर बारी येगळीच यायची. आज तीनदा पंचेचाळीस आली."

शिवरंजनीनं कपाळावर हात मारला. पंचेचाळीस म्हणजे शेवटी नऊही चालतो आणि शून्यही. गणिताच्या बाईंना हे आधी सुचू नये?

"मग?"

"आधी नऊ लावला. नळदुर्गच्या नीलम्मा आजींना लागला. लई मायाळू बाई. समदं इचारून घेतलं. म्हणाल्या, ती सापडली की इकडचं तिकडचं बोलत बसू नको, मनातलं बोल."

"मग बोला की..."

"तुमच्याबिगर करमत न्हाय. एवढंच हाय."

दोनदा नापास झालेला हा माणूस तिच्यासाठी दोन दिवस बेरजा करत बसला होता. तिच्यासाठी इतके कष्ट कुणी घेतले नव्हते. डोळे भरून आले. त्याचे, बापूंचे, कधी न पाहिलेल्या त्या आजींचेही पाय धरावेत असं तिला वाटलं.

"फोन ठेवू नका," ती म्हणाली आणि तशीच ओसरीवर गेली.

"बापू, रविवारपर्यंत कशाला थांबायचं? हे घ्या... ह्यांच्याशी बोला."