बेलाखालचा पाऊस

ती जीप आमच्या ओट्यासमोर थांबली ती पत्ता विचारायला. वालूरात पावसाची नोंद ठेवणारे ईश्वरअप्पा कुठं राहतात, असं तिच्यातून उतरलेल्या तरुणानं मला विचारलं. ईश्वरअप्पा म्हणजे माझे वडील, आणि तो त्यांच्याच दारात उभा होता. मी नुसतं आत बोट दाखवलं. अर्ध्या-पाऊण तासानं तो चहा पिऊन बाहेर आला, तेव्हा जीप काही केल्या सुरू होईना.

१९९१ चा श्रावण होता. आठ दिवस आभाळ भरून यायचं आणि तसंच उभं राहायचं... ना ऊन, ना पाऊस. उगीचच मन खिन्न करणारे दिवस. मी ओट्यावर ज्वारी निवडत हसू दाबत होते.

त्याचं नाव गुरुपाद, गाव ताडकळस. जीप मामाची, पण तिच्यातली करामत याची. पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापलं की तोटी फिरवून रॉकेलवर चालवायची, आणि थांबण्याआधी आठवणीनं पुन्हा पेट्रोलवर आणायची. नाहीतर एकदा गार झाली की ती रुसते. पुढं सगळ्या गाड्या अशाच दोन-दोन गोष्टींवर चालणार आहेत, असं तो मोठ्या तोऱ्यात सांगत होता.

"मग आता का न्हाई आणली पेट्रोलवर?" मी विचारलं.

"विसरलो," तो म्हणाला. "ओट्याकडं ध्यान गेलं, अन्..."

मी सुपात मान घातली. जी गाडी माणसाच्या ध्यानावर चालते तिचा भरवसा कोण धरील, एवढं मात्र बोलून घेतलं. मला मुळात कशाचाच लवकर भरवसा वाटत नाही. अप्पा म्हणायचे, नीलम्मा देवाच्या अंगाऱ्यालासुद्धा आधी वास घेऊन बघते.

गुरुपाद परभणीला एका संशोधनाच्या कामावर होता. नोकरी तात्पुरती. जिल्ह्याचा पाऊस आटत चाललाय का, हे त्याला जुन्या नोंदींवरून काढायचं होतं, आणि बावीस वर्षांत एकही दिवस न चुकलेली वही फक्त अप्पांची होती. रोज लिंगपूजा झाली की साडेआठला अप्पा परसात जायचे, पर्जन्यमापक बघायचे आणि आकडा लिहायचे. आई गेली त्या दिवशीसुद्धा लिहिला होता.

मग दर शनिवारी जीप येऊ लागली. मी वही वाचायची, त्यानं उतरवून घ्यायचं. पुढच्या शनिवारी कडेला भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन तो यायचा... परभणीच्या कॉम्प्युटरनं छापलेला. मी बोट ठेवून एकेक आकडा तपासायची आणि चुका काढायची. पहिल्याच कागदात सात निघाल्या.

"तुमचं यंत्र लय हुशार हाय म्हणता," मी म्हणायची. "तुमी घातलं तेच बाहेर काढायलंय की."

त्याला राग यायचा नाही. हसायचा, आणि चुकलेल्या आकड्याभोवती गोल करताना त्याची बोटं माझ्या बोटांपाशी जरा जास्तच वेळ रेंगाळायची. जगभर धूर वाढलाय, पृथ्वी तापायलीय, असं तो कळकळीनं सांगे. मी म्हणे, ती तापली का नाही ते ठाऊक नाही, तुमचे कान मात्र तापलेत. खरं तर माझेही तापलेले असायचे. शनिवार यायच्या आधीच मी वही पुसून ठेवत होते, यातच काय ते आलं.

अप्पांनाही तो आवडला होता. घर चांगलं, आपल्यातलंच. फक्त नोकरी कायम व्हायला हवी, बाकी अडचण नाही, असं ते चुलत्यांशी बोलताना मी ऐकलं. आणि नोकरी कायम होणार होती ती या पावसाच्या अहवालावर.

भादव्यात त्यानं आलेख आणला. वालूरची रेघ त्र्याऐंशी सालापर्यंत वर-खाली होत होती, मग मात्र घसरतच गेली होती. "बघा," तो म्हणाला, "एवढा उतार जिल्ह्यात कुठंच न्हाई. अख्खा अहवाल तुमच्या गावावर उभा हाय." त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी नुसती मान हलवली. पण ध्यान माझं परसाकडं गेलं होतं.

पर्जन्यमापक होता आमच्या परसात, न्हाणीच्या शेजारी. तिथं परका पुरुष जात नाही. तपासायला येणारा सरकारी माणूससुद्धा ओट्यावरच चहा पिऊन सही करून जायचा. शहात्तर साली आईनं तिथं बेल लावला, वर्षभरात ती गेली. रोज पूजेला पान तिच्याच झाडाचं. महादेवाचं झाड, त्यातून आईच्या हातचं... त्याची फांदी कोण तोडणार? फांद्या वाढत वाढत पर्जन्यमापकावर आल्या, आणि पाऊस पानांवर अडू लागला. वालूरचा पाऊस नव्हे, आमच्या परसातला पाऊस घटला होता.

मी आधी स्वतःचीच खात्री केली. सरळ भिंतीचा एक डबा मोकळ्यावर ठेवला आणि तीन पावसांत फूटपट्टीनं मोजला. तिन्ही वेळा डब्यात जास्त. मी गप्प राहिले असते तर दिवाळीनंतर त्याची माणसं मागणी घालायला आमच्याकडं आली असती. चार रात्री मी हेच घोळवत काढल्या.

शनिवारी पहाटे सर आली. जीप लवकर आली, अप्पा अजून पूजेला बसले होते. मी त्याला परसात घेऊन गेले.

"दोन्ही मोजा," म्हटलं.

डब्यात सतरा मिलिमीटर निघाले, मापकात अकरा. त्यानं वर बघितलं. बेलाच्या पानांतून अजून थेंब पडत होते. तो धुण्याच्या दगडावर बसला.

"तू हे मला का सांगायलीस?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच तू म्हणाला. "दिवाळीनंतर मी अप्पाला विचारायला येणार व्हतो."

"ठाऊक हाय."

"मग?"

"उद्या दुसऱ्या कुणी हे झाड बघितलं असतं, तर तुमी खोटे पडले असते. अन् मला ठाऊक असून मी तुमच्या घरात नांदत बसले असते... ते मला जमलं नसतं." मी डब्यातलं पाणी ओतून दिलं. "मी कुणाला सांगणार न्हाई. तुमी काय करायचं ते करा."

त्यानंतर चार शनिवार जीप आली नाही.

तो आला दसऱ्यानंतर, एसटीनं. आधी अप्पांना भेटला. मोजमाप मोकळ्या जागी असावं असा नियम आहे, म्हणून मापक पुढच्या अंगणात न्या, एवढंच त्यांना सांगितलं. वहीबद्दल एक शब्द काढला नाही. अप्पा आनंदानं जागा बघायला गेले, आणि आम्ही ओट्यावर उरलो.

वालूर त्यानं अहवालातून काढून टाकलं होतं. "तुझी शंका अर्धीच खरी निघाली," तो म्हणाला. "बाकीच्या गावांत पाऊस घटलाय खरा... पण थोडा. अजून दहा वर्सांच्या नोंदी पायजेत म्हणतेत." कायमची जागा दुसऱ्याला गेली होती. नागपूरला कॉम्प्युटर शिकवायचं काम मिळत होतं, तेही तात्पुरतंच.

"आता आलो, तर अप्पा देतील का तुला?"

हो म्हणायला जीव तळमळत होता. "न्हाई," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मी पुढं म्हणाले, "पण मला तुमी लय आवडता. त्यात कुठं शंका न्हाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे भरले होते, त्याचे आणि माझेही. मग एसटीची वेळ झाली म्हणून तो उठला.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पांनी मला सोनपेठला दिलं. किराण्याचं दुकान, चांगली माणसं. नवरा मायाळू आहे, त्याच्याबद्दल तक्रार करू तर जीभ झडेल. त्याच्या लहानसहान थापा मला कळतात, आणि मी हसून सोडून देते. गुरुपादची मात्र एवढीशी चूकही माझ्यानं सोडवली नाही. त्याच्यावर थोडं कमी प्रेम केलं असतं, तर आज मी त्याच्या घरात असते.