कच्च्या सांध्यातला आवाज

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकायचा तर लोखंडाला कान लावावा लागतो, हे आता साताऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. लोक जुनी कपाटं, ट्रंका, धान्याच्या कोठ्या टेम्पोत घालून तपासणी केंद्रात आणत आणि बहुतेक जण खरखर ऐकून परत जात. मुकुंद खराडेला या खुळाचं हसू येई. तो केंद्रात पगारी तपासनीस होता आणि त्याचं काम शाळेच्या जुन्या बसचे सांधे बघण्याचं होतं.

दोन पत्रे एकावर एक ठेवून तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबले आणि क्षणभर वीज सोडली, की मधला ठिपका वितळून एकजीव होतो. हे स्पॉट वेल्डिंग. बसच्या सांगाड्यात असे हजारो ठिपके असतात. बाहेरून सगळे सारखेच साळसूद. आतून एकजीव कोण आणि नुसता चिकटलेला कोण, ते कळत नाही. पूर्वी छिन्नी घालून पत्रे फाडून बघत. पण फाडून पास केलेला सांधा घेऊन करायचं काय? म्हणून ध्वनिलहरींचं यंत्र आलं, आणि त्यातूनच गोठनाद सापडला.

"ठिपका थंड होताना जवळचा आवाज त्याच्या कणांत अडकतो, काका. तोच गोठनाद," केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. अन्वया टिळेकर त्याच्या हातात नवी श्रवणकांडी देत म्हणाल्या. "टोकांचा दाब शेवटपर्यंत राहिला तर कण दडपून बसतात, आवाज पुसला जातो. दाब लवकर उचलला तर आवाज राहतो, पण सांधा कच्चा."

"म्हणजे मुका तो चांगला, बोलका तो खोटा. आमच्या सरपंचांनाही लावून बघा एकदा!"

टिळेकर हसल्या. "सांधा मुका असेल तर पांढरा खडू, खरखर आली की लाल. बस त्याच दिवशी भट्टीत."

"लोकांना माणसं ऐकू येतात म्हणे?"

"आवाज फार क्षीण असतो. ज्याने ते माणूस खूप ऐकलंय, त्याचाच मेंदू त्यातून शब्द उचलतो. रेकॉर्ड केलं तर नुसती खरखर."

त्या दिवशीची तिसरी बस समोरच्या, आता बंद पडलेल्या कारखान्यात बनलेली निघाली. मुकुंदची बायको छबू तिथे वेल्डिंगची गन चालवायची. तिथला टायमर कायम बिघडलेला, म्हणून दाब किती वेळ धरायचा ते बायका तोंडाने काहीतरी पुटपुटून ठरवत. कुणी देवाचं नाव घेई, कुणी लेकराचं. छबू काय म्हणते हे कुणालाच कळलं नाही. विचारलं की लाजून लाल व्हायची. घरात उभ्या संसारात तिने नवऱ्याला नावाने हाक मारली नाही. "अहो" एवढंच. ती गेल्यापासून त्या घरात "अहो" म्हणणारंही कुणी नव्हतं. मुकुंद रेडिओ लावून जेवायचा.

त्याने खिडकीखालच्या सांध्याला कांडी टेकवली. खरखर. आणि मग, "...राव."

त्याने कांडी घाईने पुढे सरकवली. पुढच्या सांध्यात, "...कुंदराव."

हळूहळू उलगडा झाला. छबू त्याच्या नावाने वेळ मोजत होती. नाव संपलं की हात उचलायचा. मुकादम ओरडला की घाईत मध्येच उचलला जाई, आणि उरलेलं नाव लोखंडात राही. नाव जितकं जास्त, तितका सांधा कच्चा.

मागच्या संकटकालीन दाराच्या खांबाला सगळं नाव होतं. "मुकुंदराव." लाजरं, थोडं हसरं.

"ओ," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या हाकेला ओ दिली होती.

आसपास कुणी नव्हतं. पांढरा खडू मारला असता तर बस रस्त्यावर गेली असती आणि दरवर्षी तपासणीला परत आली असती. दरवर्षी छबूने हाक मारली असती. दाराशेजारच्या सीटवर कुणा पोराची पाण्याची बाटली राहिली होती, चोखून चोखून झाकण चावलेली. मुकुंद बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग त्याने खांबावर लाल फुली मारली. बस भट्टीकडे गेली तेव्हा तो पाठ करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याच कारखान्याची आणखी एक बस आली. पहिला सांधा मुका, दुसराही मुका. छबूने इथे नाव संपेपर्यंत दाब धरला होता. काम चोख होतं. शेवटच्या ठिपक्यापर्यंत एकही हाक आली नाही. मुकुंद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तिसऱ्या खेपेला त्याच्या ध्यानात आलं, की पोरं बसायच्या गाडीत आपण कच्चा सांधा सापडावा म्हणून देवाला हात जोडतोय. त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याने कांडी खाली ठेवली.

"पास ना, काका?" ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं.

"पास."

त्याचा आवाज इतका पडला होता, की ड्रायव्हरने काळजीने पुन्हा विचारलं, "नक्की ना?"