तुम्ही कुणाबरोबर उतरताय?

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. ते आजही दुकानात बसून लोकांचे चष्मे बनवतात. खोटं बोलून त्यांना मिळणार काय?

मागच्या नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. आणि रात्र वगैरे काही नव्हती... दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन होतं.

मामी शाळेत गणित शिकवते. त्या दिवशी तिची शाळा अर्धाच दिवस होती. "लग्नाला तीस वर्षं झाली, कधी कुठं नेलं नाहीत," हे पालुपद ऐकून मामांचे कान किटले होते. शेवटी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि गाडी काढली.

शहराबाहेरच्या जंगलातून वीस मिनिटांची पायवाट जाते, ती एका प्रचंड ग्रॅनाइटच्या खडकावर निघते. तिथून अख्खं खोरं दिसतं. वाट एकच. कुठं फाटा नाही. चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही.

वर कुणीच नव्हतं. मामी खडकाच्या कडेला लावलेल्या कठड्याला टेकून खोरं बघत बसली. मामा जरा झाडांच्या आडोशाला जाऊन आले.

दोन मिनिटं. जास्त नाही.

परत आले, तर मामी वाटेच्या तोंडाशी उभी.

"चला, उतरू या."

"अगं, एवढ्यात?"

"पाय दुखतायत हो."

मामांनी तिचा हात धरला. दोघं उतरायला लागले. थोडं खाली आल्यावर मामांच्या लक्षात आलं... पक्ष्यांचा आवाज थांबला होता. येताना नुसता कलकलाट होता. आता पानसुद्धा हलत नव्हतं.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला.

स्क्रीनवर मामीचं नाव.

"तुझा फोन कुठंय?" मामांनी विचारलं. मामीने पर्स उपसली. "अगंबाई! वरच राहिला वाटतं. कुणाला तरी सापडला असेल, उचला."

मामांनी उचलला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग...

"अहो, मी खडकावरच आहे. तुम्ही कुणाबरोबर उतरताय?"

आवाज मामीचा होता.

मामांच्या हातातला हात घट्ट झाला. मामीनेही ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण आहे हो ती?"

मामांनी धीर केला, फोन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "आपलं पहिलं भांडण कशावरून झालं होतं?"

"पंख्यावरून," शेजारची मामी म्हणाली. "तुम्हाला थंडी, मला उकाडा."

"पंख्यावरून!" फोनमधली रडत म्हणाली. "अहो, हे काय विचारताय? मला न्यायला या. इथं अंधार पडलाय..."

मामांनी वर बघितलं. ऊन तसंच होतं.

फोन बंद झाला.

वर जावं, तर हिला एकटं सोडायचं? न जावं, तर तिला? शेवटी मामीच म्हणाली, "चला, दोघं जाऊ."

दोघं धापा टाकत वर गेले. खडक रिकामा. मामांनी हाका मारल्या, कपारी बघितल्या. फोनही नव्हता.

आणि पुन्हा रिंग वाजली.

"अहो, मी खाली गाडीपाशी आले. तुम्ही कुठं आहात?"

वाट तर एकच होती. मग ती ह्यांच्या शेजारून गेली कशी?

दोघं जवळजवळ पळतच खाली आले. गाडीपाशी कुणी नव्हतं. पार्किंगच्या पावत्या फाडणारा म्हातारा मामीकडे टकमक बघत राहिला.

"बाई, तुम्ही परत वर गेला होतात ना आत्ता? ह्यांना शोधायला? किती रडत होतात..."

त्यानंतर फोन आला नाही. मामांनी लावला, तर बंद.

मामांनी एक बाई हरवलीय म्हणून वनरक्षकाला बोलावलं, त्याने माणसं घेऊन काळोख पडेपर्यंत जंगल पालथं घातलं. मग नोंद करायला वही उघडली. "हरवलेल्या बाई तुमच्या कोण?"

"माझी बायको."

"आणि ह्या कोण?"

मामांनी मामीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "माझी बायको."

त्याने वही मिटली. "घरी जा साहेब. झोप काढा."

मामा मामीला घेऊन घरी आले. दुसरं करणार काय?

मामी अगदी पहिल्यासारखी आहे. तेच हसणं, तेच टोमणे. मी महिन्यातून एकदा जाते, ती मायेनं पाठीवरून हात फिरवते. मला तसूभर फरक दिसत नाही. मामांना तरी कुठं दिसतो?

"लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढण्यात आयुष्य गेलं," मामा मला म्हणाले, "आणि माझ्याच बायकोला ओळखता येईना गं."

मागच्या आठवड्यात मामी पेपर तपासत बसली होती. मामा समोरच होते. लाल पेन खाली ठेवून ती एकदम रडायला लागली.

"अहो," ती म्हणाली, "मला तिथं एकटीला सोडून यायला नको होतं तुम्ही."