लाखेवरचा अंगठा

धाडच्या सरकारी दवाखान्यात महारोगाची तपासणी होई आणि दर सोमवारी तिचा अहवाल बुलढाण्याच्या कचेरीला जाई. १९६३ साली हे काम रंगराव कारकुनाकडे होतं. कागदावर रोग्याचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. पाकीट डिंकानं चिकटवायचं, जोडावर लाल लाख वितळवून टाकायची, तिच्यावर दवाखान्याची पितळी मोहर दाबायची आणि रजिस्टर टपालानं पाठवायचं.

आखाडात एकदा, गडबडीत, रंगरावानं पाकिटावरच लिहिलं, 'बनाबाईचा अहवाल'. टपालाच्या ओट्यावर चार जणांनी ते वाचलं. दिवस मावळायच्या आत सासऱ्यानं बनाबाईची भांडी अंगणाबाहेर मांडली. दुसऱ्या दिवशी ती गावात नव्हती. रंगरावाला कोणी काही विचारलं नाही, आणि त्यानंही कोणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर बुलढाण्याहून चिठ्ठी आली, 'लाखेवर अंगठा उठवू नये. मोहर वापरावी.'

रंगराव वैतागला. मोहर त्यानं स्वतःच्या हातानं दाबली होती. पुढच्या सोमवारी त्यानं नर्स बेबीताईंना समोर उभं केलं.

"नीट पाहून घ्या. मोहर उठली ना?"

"उठली की. काऊन विचारता?"

"असंच."

आठवड्यानं पुन्हा चिठ्ठी आली. या वेळी सोबत लाखेचा तुकडाही होता. त्यावर अंगठा उमटलेला, लहानसा, बाईमाणसाचा. मधोमध तिरपी रेघ, विळा लागल्याची जुनी खूण असावी तशी.

रंगरावानं कपाटातली वही काढली. तपासणीआधी रोगी तिच्यात अंगठा देत. पानं उलटता उलटता तो एकेचाळीस नंबरावर थांबला. जांभळ्या शाईत तीच तिरपी रेघ होती.

"बेबीताई," तो म्हणाला, "ती बनाबाई कुठं असंल हो?"

बेबीताई पट्ट्या गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"इतक्या दिसानं आठवली व्हय तुमाले?"

त्यानं मोहर राखेनं घासली, लाख नवी आणवली. त्याला जेवण जाईना, एका जागी बसवेना. सोमवारी सकाळी त्यानं पाकिटावर मोहर दाबली आणि टपालात न देता स्वतःच एस.टी.त बसला. पाकीट मांडीवर, वर दोन्ही तळहात. गाडी थांबली की तो हात उचलून पाही. मोहर जशीच्या तशी होती. साहेबांसमोर सगळं कबूल करायचं, हे वाटेत पक्कं झालं होतं.

कचेरीत साहेब नव्हते. टेबलाशी उकंडराव हेडक्लार्क होते.

"मले एक सांगायचं होतं," रंगराव म्हणाला. "ते बनाबाईचं पाकीट... त्यावर नाव म्याच लिहिलं होतं. तिचं घर माह्यामुळं सुटलं."

उकंडरावांनी मान वर केली नाही. ते पाकीट उलटं करत होते.

"हे इथं येऊन बंद केलं काय तुम्ही?"

"नाई. सकाळीच, धाडच्या दवाखान्यात."

"मंग लाख गरम कशी?"

त्यांच्या बोटाला लाल तार चिकटून आली होती. त्यांनी घाईनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

मोहर विरघळत होती.

दोघंही टेबलापासून लांब उभे होते. पाकिटाला कोणाचाच हात लागलेला नव्हता.

लाख मधोमध हळूच खाली दबली, आणि तिच्यात एकेक बारीक रेघ उमटू लागली.